माचा घरी करताना आधी दूध बाजूला ठेवा

माचाचं, म्हणजे हिरव्या चहाच्या जपानी पुडीचं, वेड जगभर पसरलंय आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख होते ती उंच ग्लासातल्या गोड, थंड, दुधाळ पेयातून. त्यात काही वावगं नाही. पण घरी करायला घेणार असाल तर माझा एकच आग्रह आहे: सुरुवातीला तो नुसत्या गरम पाण्यात करून प्या. पूड कशी आहे, पाणी जास्त तापलंय का, घोटणं जमलंय का, यातलं दुधात काही म्हणजे काही कळत नाही. पाण्यात सगळं उघड होतं.

आधी पुडीचं बघू. हिरव्या चहाची कुठलीही भुकटी म्हणजे माचा नव्हे. माचासाठीच्या झुडपांवर तोडणीआधी साधारण तीन-चार आठवडे सावली धरतात. ऊन तुटल्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं आणि थिअनिन हे अमिनो आम्ल टिकून राहतं. भर उन्हात त्याचंच रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये झालं असतं. तोडलेली पानं लगेच वाफवतात, न वळता सुकवतात, देठ-शिरा काढून टाकतात. उरलेल्या पानाला तेंचा म्हणतात आणि तेंचा दळला की माचा. ग्रॅनाइटचं एक जातं तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड देतं. जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि सुगंध उडतो, त्यामुळे घाई करता येत नाही.

२०२४ च्या शेवटच्या महिन्यांत जपानमधल्या क्योतो आणि उजीच्या नामांकित चहाविक्रेत्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. मागणी एका मोसमात वाढते. नवी लागवड भरात यायला मात्र काही वर्षं जातात आणि तेंचा सुकवायला वेगळ्या भट्ट्या लागतात. म्हणूनच मला मनापासून वाटतं की पहिल्या तोडणीची उत्तम पूड दुधात घालू नये. दुधासाठी जरा कडक, स्वस्त पूड घ्या. तिथे तीच जास्त उठून दिसते.

डब्यावर ‘सेरेमोनियल’, म्हणजे चहाविधीच्या दर्जाचं, असं लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. ती जपानमधली अधिकृत प्रतवारी नाही, कोणीही छापू शकतं. त्यापेक्षा मूळ ठिकाण बघा: उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे, कागोशिमा. घटकांत चहाशिवाय काही नसावं. डबा छोटा घ्या, २० किंवा ३० ग्रॅमचा. घरी आल्यावर चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने ओढून बघा. चांगली पूड अखंड, मऊ, टवटवीत हिरवा पट्टा सोडते. पट्टा पिवळट-मेंदी रंगाचा आणि तुटक आला, तर पूड जुनी किंवा हलकी.

आता कृती. रुंद तळाचा वाडगा आणि चासेन, म्हणजे बांबूची बारीक काड्यांची रवी, एवढं तरी हवंच. चासेन एकाच बांबूच्या तुकड्यातून हाताने चिरून करतात. नारा प्रांतातलं ताकायामा त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाडग्यात गरम पाणी ओता, चासेन त्यात मिनिटभर बुडवून ठेवा. काड्या मऊ होतात, मोडत नाहीत, आणि वाडगाही गरम होतो. पाणी फेकून वाडगा कोरडा पुसा. ओलसर राहिला तर पूड तळाला चिकटते.

दोन ग्रॅम पूड, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, बारीक चाळणीतून वाडग्यात चाळा. ही पायरी कृपा करून गाळू नका. पूड इतकी बारीक असते की डब्यातच तिच्या गाठी होतात आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी फुटत नाहीत.

पाणी साधारण ७० ते ८० अंशांचं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एकदा दुसऱ्या भांड्यात ओता, मग तिसऱ्यात. दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. उकळतं पाणी ओतलंत तर कडवटपणा लगेच वर येतो. आधी दोन चमचे पाणी घालून पुडीचा गुळगुळीत लेप करा, मग एकूण ६०-७० मिलीपर्यंत पाणी वाढवा.

घोटताना एका हाताने वाडगा धरा. चासेन बोटांत हलकं पकडा, गोल फिरवू नका. पुढे-मागे, भरभर, मनगटातून. खांदा हलत असेल तर थांबा आणि पकड सैल करा. काड्या तळाला घासता कामा नयेत, तळाच्या किंचित वर राहू द्या. पंधरा-वीस सेकंदांत मोठे बुडबुडे दिसू लागतात. मग चासेन पृष्ठभागाजवळ आणा, वेग कमी करा आणि ते बुडबुडे फोडत जा. फेस दाट, एकसारखा झाला की चासेन मधोमध सरळ वर उचला. लगेच प्या, पूड खाली बसायला वेळ लागत नाही. पहिल्या घोटाला सौम्य गोडवा, मग हलका कडवटपणा आणि मागे रेंगाळणारी चव असा क्रम लागला, तर जमलं म्हणून समजा.

या पातळ प्रकाराला उसुचा म्हणतात. दुप्पट पूड आणि निम्मं पाणी घेऊन संथपणे मळल्यासारखा करतात तो कोइचा. त्यात फेस नसतो आणि त्याला सर्वात उंची पूडच लागते. त्याची घाई नको.

दूध घालायचंच तर तीन ग्रॅम पूड ५० मिली पाण्यात आधी नीट घोटा आणि मग १५० मिली दुधात ओता. पूड थेट थंड दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्याच.

उघडलेला डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. डबा खोलीच्या तापमानाला आला नसेल तर पुडीला दव सुटतं. चासेनला साबण लावू नका, कोमट पाण्यात फिरवून उघड्यावर वाळवा.

आणि प्रमाण सांभाळा. इथे अख्खं पान पोटात जातं, दोन ग्रॅममध्ये साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. संध्याकाळनंतर घेऊ नका. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर टाळा, मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.