कुंपण घालताना या चुका टाळा

कुंपण कललं की दोष जाळीला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा खड्ड्यात, कोपऱ्याच्या खांबात नाहीतर कंत्राटाच्या कागदात असते. काम संपल्यावर हे काहीच दिसत नाही, म्हणून काटकसर नेमकी तिथेच होते.

शेजारचं जुनं कुंपण बघून दोरी लावणे

ते कुंपणही कुणीतरी अंदाजानेच घातलेलं असू शकतं. मोजणीचा नकाशा आणि हद्दीच्या खुणा समोर ठेवा, शेजाऱ्यांच्या देखत दोरी ओढा. खांब बरोबर हद्दीवर रोवला तर त्याच्या पायाचं निम्मं काँक्रीट पलीकडच्या जमिनीत जातं. त्यामुळे खांबांची रेषा खड्ड्याच्या निम्म्या रुंदीइतकी आत घ्या. पाण्याची पाइप, ड्रेनेज आणि विजेची केबल कुठून जाते हे पहार चालवण्याआधीच पाहून घ्या.

उथळ खड्डा

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. कुंपणाची जमिनीवर जेवढी उंची, तिच्या किमान एक तृतीयांश खांब जमिनीत हवा. १.८ मीटर उंचीच्या कुंपणाला ६० सेंमी खांब खाली आणि त्याच्या तळाशी १५ सेंमी खडी, म्हणजे खड्डा ७५ सेंमी. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब आणखी १५ सेंमी खोल न्या. खड्ड्याची रुंदी खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी असावी. बहुतेक पाइपांना ३० सेंमी पुरते.

एवढ्या खड्ड्यात १:२:४ प्रमाणाचं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट घातलं, तर सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यात ३ ते ४ खड्डे भरतात. २० खांबांच्या कामाला ५ ते ७ पोती लागलीच पाहिजेत. दोन पोत्यांत काम उरकलं असेल, तर खड्डे उथळ आहेत किंवा खाली नुसती माती-दगड भरलेत.

काळ्या मातीत जास्त जपा. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि उथळ पाया वर उचलते. भेगा जिथवर जातात त्याच्या खाली पाया न्या. खड्डा तळाशी किंचित रुंद ठेवा आणि तोंडाशी काँक्रीट पसरू देऊ नका, कारण फुगणारी माती त्या पसरलेल्या कडेखाली रेटा देते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा ३ ते ५ सेंमी वर, चहूबाजूंनी उतरता हवा. खांबाशी पाणी साचलं की लोखंड बरोबर जमिनीच्या पातळीला गंजतं. ७ दिवस पाणी मारा आणि तोवर जाळी ताणू नका.

कोपऱ्याला टेकू न देणे

मधले खांब जाळी उभी धरतात. तिचा ताण कोपऱ्याचे आणि टोकाचे खांब पेलतात. म्हणून कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरपा टेकू हवा आणि टेकूच्या पायालाही स्वतंत्र काँक्रीट हवं. सरळ रेषेतही साधारण दर ३० मीटरला असा एक टेकू दिलेला खांब घ्या. मधल्या खांबांतलं अंतर २.५ ते ३ मीटर ठेवा. जाळीच्या वर, मध्ये आणि खाली ताणाची जाड तार ओढायलाच हवी, नाहीतर वर्षभरात जाळीला झोल पडतो. बांधायला साधी काळी बाइंडिंग वायर वापरू नका. ती सगळ्यांत आधी गंजते.

नुसत्या गेजवर विश्वास

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक. हा आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ गेज म्हणजे २.६४ मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त दिसतो, पण १० गेजच्या जाळीत सुमारे दीडपट लोखंड असतं. कोटेशनमध्ये मिलिमीटर लिहून घ्या, माल आल्यावर कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा आणि बंडलाचं वजन करा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या जाळीत बाहेरची जाडी सांगितली जाते. आतली तार किती जाडीची, ते विचारा.

कंत्राट तोंडी ठरवणे

‘रनिंग मीटरचा अमुक दर’ एवढंच ठरलं की पुढे वाद ठरलेला. दरात फाटक धरलंय का, कोपऱ्याचे खांब आणि टेकू धरलेत का, खडक लागला तर खोदाईचं काय, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कागदावर हवं. खांबाच्या पाइपची जाडी, खड्ड्याची खोली आणि काँक्रीटचं प्रमाणही लिहा.

कंत्राटदाराचं ताजं काम पाहून फारसं कळत नाही, नवं कुंपण सगळंच सरळ दिसतं. दोन-तीन पावसाळे खाल्लेलं काम दाखवायला सांगा आणि तिथला कोपऱ्याचा खांब हलवून बघा. पैसे टप्प्यांत द्या: माल आल्यावर, खांब उभे राहिल्यावर, काम संपल्यावर. एक अट मात्र सोडू नका: तुम्ही टेप लावून खड्डे मोजल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. चांगला कारागीर या अटीला कधीच नाही म्हणत नाही.

बिघाड कुठे आहे, कसं ओळखायचं

कललेला खांब हाताने हलवा. काँक्रीटसकट हलला तर पाया उथळ आहे. उकरून खोल करावा लागेल, वरून सिमेंट लिंपून भागत नाही. काँक्रीट स्थिर आणि खांबच खुळखुळतोय, तर जमिनीच्या पातळीला गंज शोधा. दोन्ही घट्ट असून खांब वरून वाकलाय, तर पाइप पातळ आहे किंवा जाळीवर दाट वेल चढलाय. वेलामुळे जाळीला वारा अडतो आणि ओलही टिकते.

जाळी सैल झाली तर ती ओढण्याआधी कोपरा तपासा. कोपरा झुकलेला असेल तर ताण दिल्यावर तो आणखी झुकेल.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, तारेवरची पांढरी पूड म्हणजे जस्तावरचा ओलाव्याचा परिणाम. ब्रशने साफ केली की बहुधा पुरतं. लालसर डाग दिसला तर तिथलं जस्त संपलंय. वेल्डिंगच्या सांध्यावर हा डाग सर्वांत आधी येतो, कारण उष्णतेने जस्त जळतं. तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. पाइपांची वरची तोंडं टोपीने बंद करा, नाहीतर पाणी आत उतरून पाइप आतून सडते.

फाटक जमिनीला घासायला लागलं की आधी बिजागरीचा खांब ओळंब्यात आहे का पाहा. तो सरळ असेल तर फाटकाची चौकट खाली झुकलीय. चौकटीत लाकडी तिरपी पट्टी बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी. तारेचा ताण देणार असाल तर बरोबर उलट: बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यातून कडीच्या खालच्या कोपऱ्याकडे. मध्ये टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आट्यांचा तुकडा) लावलं की दरवर्षी दोन-चार आटे फिरवून फाटक पुन्हा वर घेता येतं.