परदेशातली खरेदी बेळगावपर्यंत नीट पोचवायची असेल तर या चुका टाळा

परदेशातून काय आणावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या लिहिणारी माणसं बहुतेक मुंबईत किंवा बेंगळुरात उतरतात आणि टॅक्सी करून घरी जातात. आपलं तसं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाची बॅग मुंबईला, बेंगळूरला नाहीतर गोव्याला उतरते आणि तिथून पुढं रात्रभर बसच्या डिकीत, रेल्वेच्या बर्थखाली किंवा सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, येणाऱ्या छोट्या विमानात असते. मोडणं, वितळणं, जादा वजनाचे पैसे भरणं, हे बऱ्याचदा याच टप्प्यात होतं. त्यामुळं दुकानात वस्तू आवडली की किंमत विचारायच्या आधी ती आपल्या उंबऱ्यापर्यंत कशी येणार याचा विचार करावा.

वजनाची चूक सगळ्यात जास्त होते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो सामान चालतं म्हणून लोक तेवढं भरतात. पुढचं सांबऱ्याचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर तिथं सहसा १५ किलोचाच हिशेब असतो, आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढता आले तर काढा. नाही जमलं तर खरेदी १५ किलोच्या हिशेबानंच करा, किंवा शेवटचा टप्पा रेल्वेनं ठेवा.

पावसाळ्यात गोव्याहून चोर्ला घाटानं येणार असाल तर पुठ्ठ्याचे खोके गाडीच्या टपावर टाकू नका. वर ताडपत्री असली तरी पाणी शिरतं. उन्हाळ्यात दुबईहून चॉकलेट आणणाऱ्यांनी ते बसच्या डिकीत न ठेवता हातातल्या बॅगेत ठेवावं. आपल्याकडं हवा थंड असली तरी मुंबईपासूनच्या वाटेवर तसं नसतं.

आता त्याहून महत्त्वाचं. लांब जाऊन आपण असं काहीतरी घेतो जे त्या देशात तयारच झालेलं नसतं. पर्यटकांच्या बाजारातल्या पिशव्या, चुंबकं, शाली उलटून लेबल बघितलं तर अनेकदा तिसऱ्याच देशाचं नाव निघतं. सुकामेव्याचंही तेच. कॅलिफोर्नियाचे बदाम दुबईतून वाहून आणण्यात अर्थ नाही, ते आपल्या रविवार पेठेतही मिळतात. खजूर मात्र जरूर आणावा. तो तिथल्या मातीतला, प्रकारही कितीतरी, आणि हवाबंद पाकिटातला असला तर आठवडाभराच्या प्रवासानंही बिघडत नाही.

रेशमाच्या बाबतीत तर आपण फसायलाच नको. शहापूर आणि वडगावच्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या गेल्या, कापड हातात धरून पारखणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत. तरीही बँकॉकच्या रात्रबाजारात चमक बघून पॉलिएस्टरचा स्कार्फ रेशीम म्हणून घेतला जातो. थायलंडमध्ये खऱ्या रेशमावर मोराचं सरकारी चिन्ह असतं. सोनेरी मोर सगळ्यात वरच्या दर्जाचा, त्याखाली रुपेरी, मग निळा. हिरवा मोर असेल तर रेशमात दुसरा धागा मिसळलेला आहे. चिन्ह नसेल तर काठाजवळचा एक धागा ओढून जाळून दाखवायला सांगा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरडता येते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानदार धागा द्यायला तयार नसेल तर तिथून निघा. घरी आणल्यावर शंका आली तर हीच परीक्षा वडगावच्या एखाद्या जुन्या विणकर काकांकडून करून घ्या, म्हणजे निदान पुढच्या वेळी काय घ्यायचं ते कळेल.

मसाल्यांतही हीच पारख लागते. श्रीलंकेहून आणण्यासारखी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे तिथली दालचिनी. खरी सिलोनी दालचिनी पातळ सालीच्या अनेक थरांची, विडीसारखी गुंडाळलेली आणि हातानं सहज मोडणारी असते. जाड, कडक, एकाच सालीची वळलेली नळी दिसली तर तो कॅसिया, म्हणजे दालचिनीसारखीच पण वेगळ्या झाडाची साल, तो इथंही मिळतो. चहाच्या डब्यावर हातात तलवार घेतलेल्या सिंहाचं चिन्ह बघा. ते चिन्ह श्रीलंकेच्या चहा मंडळाचं आहे, आणि त्याचा अर्थ चहा पूर्ण सिलोनी असून त्याच देशात भरलेला आहे.

इस्तंबूल किंवा दुबईच्या मसालेबाजारात ढिगानं स्वस्त दिसणारं केशर बऱ्याचदा करडईच्या फुलाच्या पाकळ्या असतात. कोमट पाण्यात दोन काड्या टाकून दहा मिनिटं थांबा. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लालभडक झालं आणि काडी पांढरी पडली तर ते श्रीखंडात घालू नका.

मावशी, आत्या, वहिनी, शेजारच्या अक्का अशा सगळ्यांसाठी काही न्यायचं असतंच. तिथं पंचवीस चुंबकं घेण्यापेक्षा अशी दालचिनी किंवा चहा घरी येऊन लहान पुड्यांत वाटावा. तो प्रत्येक घरी वापरला जातो आणि बॅगेत जागाही कमी घेतो.

विजेच्या वस्तूंत पैसे सरळ बुडतात. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची, आपल्याकडं २३० ची. जपानहून आणलेला राईस कुकर आपल्या सॉकेटला थेट लावला तर जळतो, आणि नुसता पिनेचा अडॅप्टर लावून काही उपयोग नाही, कारण तो व्होल्टेज बदलत नाही. वस्तूच्या मागची पट्टी वाचा. १००–२४० लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा तसेच असतात. कुकर आणूनच ठेवला असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याची वॅट क्षमता कुकरपेक्षा जास्त ठेवा. सिंगापूर आणि दुबईत व्होल्टेज आपल्यासारखंच असतं, फक्त पिना चौकोनी असतात. तिथं साध्या अडॅप्टरनं भागतं.

अमेरिकेहून आयफोन आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथल्या १४ व्या मालिकेपासून सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, कार्ड न घालता चालू होणारं सिम चालतं. गावाकडं ज्या कंपनीची रेंज येते तिच्याकडं ई-सिमची सोय आहे का, ते आधी विचारून घ्या.

पैसे देताना कार्ड मशीन विचारतं, रुपयांत घ्यायचे की तिथल्या चलनात? रुपये बघून बरं वाटतं, पण त्या दरात जादा कापलं जातं. नेहमी तिथलं चलन निवडा.

तिथल्या खरेदीवर भरलेला कर पर्यटकांना परत मिळतो, पण ते काम लोक शेवटच्या दिवसावर टाकतात. थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवसात किमान २,००० बाथची खरेदी लागते आणि परताव्याचा फॉर्म खरेदीच्या दिवशी, पासपोर्ट दाखवून दुकानातच घ्यावा लागतो. सिंगापुरात ही मर्यादा १०० सिंगापूर डॉलर आहे, अमिरातीत २५० दिरहम. सगळीकडं होणारी चूक एकच: आधी बॅग चेक-इन करायची आणि मग परताव्याच्या काउंटरवर जायचं. माल दाखवा म्हटलं तर दाखवायला काही उरत नाही. आधी काउंटर, मग बॅग. ब्रिटनमध्ये मात्र पर्यटकांना बरोबर नेलेल्या मालावर मिळणारा परतावा २०२१ पासून बंद आहे, तिथं त्या हिशेबानं महाग वस्तू घेऊ नका.

सोन्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आठ दिवस दुबई बघून येणाऱ्या पर्यटकाला दागिन्यांची वेगळी सवलत मिळत नाही. ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आखातात नोकरी करणाऱ्या भावाला जे चाललं ते आपल्याला चालेल असं धरून चालू नका. नाणी आणि बिस्किटं तर करमुक्त सामानात धरतच नाहीत. इतर वस्तूंची करमुक्त मर्यादा २०१६ च्या नियमांत माणशी ५०,००० रुपये होती. हा आकडा सरकार बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा. आणि ही मर्यादा नवराबायकोची मिळून एकत्र धरता येत नाही. बिलं जपून ठेवा, शंका असेल तर विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गानं, म्हणजे कर लागणारा माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेनं, जाऊन स्वतः सांगा. अंगावर भारी दागिने घालून जाणार असाल तर जातानाच विमानतळावर सीमाशुल्काचं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते तिकडं घेतले का असा प्रश्न येणार नाही.

काही वस्तू घ्यायच्याच नाहीत. ई-सिगारेटवर आपल्याकडं २०१९ पासून बंदी आहे, ड्रोन आणायला २०२२ पासून. पोवळं, हस्तिदंत, कासवाच्या कवचाच्या वस्तू दुकानात उघड मिळाल्या तरी विमानतळावर अडकतात. हॉलंडचे ट्युलिपचे कंद आणि कसलीही बियाणी रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. थायलंडहून बुद्धमूर्ती न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते.

काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू घेतल्या असतील तर प्रत्येक वस्तू वेगळी कपड्यात गुंडाळा, पोकळ भागात मोजे भरा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. आणि बॅग मुंबई किंवा बेंगळूरच्या पट्ट्यावरून उतरवली की तिथंच उघडून बघा. बरेच जण दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचल्यावर फुटलेला डबा बघतात. काही तुटलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. तिथं राहूनच गेलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, बॅग उशिरा आली असेल तर २१ दिवसांत. बॅगेची चिठ्ठी, बोर्डिंग पास आणि वस्तूचं बिल यांचे फोटो त्या तक्रारीला जोडा, आणि तोवर फुटलेले तुकडे टाकून देऊ नका.