ताणलेला दोर दगडाला टेकू नये: गुहेतल्या उभ्या टप्प्यांवर दोर कसा लावावा

कड्यावर रॅपलिंग करताना दोर काठाला थोडा घासला तर बरेचदा निभावून जातं, कारण माणूस एकदाच उतरतो आणि पायवाटेने परत येतो. गुहेत परतीची वाट म्हणजे तोच दोर. जुमारिंग करणाऱ्याच्या, म्हणजे दोर पकडणाऱ्या जुमार या साधनाने वर चढणाऱ्याच्या, प्रत्येक पावलाला दोर ताणला जातो, सैलावतो आणि काठाच्या नेमक्या त्याच जागी करवतीसारखा पुढेमागे सरकतो. धारदार चुनखडकावर वरचं आवरण फाटायला एक चढाईही पुरते. म्हणून वजन आलेला दोर दगडाला टेकता कामा नये ही पहिली अट. दुसरी अट म्हणजे प्रत्येक अँकरपाशी, म्हणजे खडकात दोर जिथे अडकवतो त्या आधारापाशी, स्वतःला विचारायचा प्रश्न: हा आत्ता निसटला, तर दोरावरचा माणूस किती खाली जाईल आणि कुठे आदळेल?

पुढचं सगळं ज्यांना डिसेंडरवर (दोराला घर्षण देऊन उतरण्याचा वेग आवरणारं साधन) उतरणं, जुमारने चढणं आणि दोराच्या मध्यावर उतरण्यावरून चढण्यावर येणं सराईतपणे जमतं त्यांच्यासाठी आहे. दोर लावणाऱ्याला हे शेवटचं वारंवार लागतं: पंधरा मीटर खाली गेल्यावर दोर घासतोय असं दिसलं, तर पुन्हा वर जाऊन अँकरची जागा बदलावी लागते. ज्याला ते अंधारात, ओल्या हातांनी जमत नाही त्याने आधी बाहेर, उजेडात आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली सराव करावा.

दोर आणि त्याची लांबी

गुहेसाठी कमी ताणाचा, म्हणजे वजन आल्यावर फार न लांबणारा, ज्याला आपण सरसकट स्टॅटिक म्हणतो तो दोर लागतो. ईएन १८९१ या युरोपीय मानकात त्याचे दोन प्रकार आहेत. ए प्रकाराची किमान ताकद २२ किलोन्यूटन, तर बी प्रकाराची १८. नवशिके असलेल्या गटासाठी १० ते ११ मिलिमीटर जाडीचा ए प्रकार घ्यावा. ९ मिलिमीटरच्या आसपासचे बारीक दोर वजनाला हलके पडतात, पण ते वापरायचे तर रिगिंग, म्हणजे दोर लावण्याचं काम, निर्दोष हवं आणि डिसेंडर त्या जाडीला चालणारा हवा. लांब मोहिमांत ८ मिलिमीटरचे दोरही वापरतात, पण ते अनुभवी हातांचं काम.

नवा दोर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. तो आटतो, आणि नंतर आटला तर टोकाला लिहिलेली लांबी खोटी ठरते. दोन्ही टोकांना लांबी आणि वापराला सुरुवात केल्याचं वर्ष लिहून ठेवावं.

लांबीचा हिशेब कागदावर करावा. समजा टप्पा ३० मीटरचा आहे. मागचा अँकर आणि काठापर्यंतची आडवी दोरी ५ मीटर, वाय-हँगला (दोन बोल्टांवरचं लटकण) ३, दोन रीबिलेंना (वाटेतले नवे अँकर) प्रत्येकी २ म्हणजे ४, आणि तळाशी २ मीटर शिल्लक. झाले ४४. त्यावर दहा टक्के धरून ५० मीटरचा दोर घ्यावा. टप्प्याची खोली अंदाजाने ठरवली असेल तर अजून जास्त.

दोर बॅगेत भरताना आधी खालच्या टोकाला गाठ मारायची. टोकापासून साधारण मीटरभर सोडून बॅरल नॉट किंवा फिगर ऑफ एटची गाठ मारावी आणि ते टोक सर्वांत आधी बॅगेत घालावं. मग मुठीमुठीने दोर कोंबत जायचं, वेटोळी करायची नाहीत. वेटोळं केलेला दोर बॅगेतून निघताना हमखास पीळ खातो. टोकाची गाठ "खाली गेल्यावर बघू" म्हणून पुढे ढकलायची नसते. दोर कमी पडला तर डिसेंडर टोकावरून निसटू न देणारी तीच एक गोष्ट आहे.

अँकर

आधी निसर्गाने दिलेलं बघावं: दगडातलं आरपार भोक, खडकाचा भक्कम सुळका, जागेवर पक्का अडकलेला धोंडा. धोंड्याला लाथ मारून, ढकलून पाहावं, आणि ज्या दिशेने वजन येणार त्याच दिशेने ओढून पाहावं. चुनखडीच्या लवणस्तंभांना दोर बांधू नये. ते ठिसूळ असतात, आणि हजारो वर्षांत घडलेली वस्तू एका दुपारच्या सोयीसाठी मोडणं कुणालाच शोभत नाही.

बोल्ट लावायचा तर हातोडीने खडक वाजवून बघावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे किंवा पापुद्रा सुटलेला आहे, तिथे बोल्ट नको. भेगेपासून, काठापासून आणि दुसऱ्या बोल्टपासून किमान २० सेंटिमीटर अंतर ठेवावं, मऊ खडकात त्याहून जास्त. भोक पृष्ठभागाला काटकोनात हवं आणि हँगर (बोल्टवर बसणारी, दोर अडकवायची धातूची पट्टी) टेकेल तेवढी जागा सपाट करून घ्यावी.

हाताने ठोकायच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जी नळी बसवतात, तिचं भोक १२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर खोल असतं. ठोकताना नळी फिरवत राहावी, दर थोड्या वेळाने बाहेर काढून भुकटी फुंकून टाकावी. भोक जास्त खोल झालं तर पाचर पूर्ण आत जात नाही, नळी फाकत नाही आणि पकड येत नाही. कमी खोल झालं तर नळी बाहेर डोकावते आणि हँगरला तरफ मिळते. नळीचं तोंड खडकाशी सपाट यायला हवं. नंतर बोल्ट बोटांनी घट्ट करून १३ नंबरच्या पान्याने पाव फेरा द्यावा, बास. लांब पान्याने जीव खाऊन आवळलेला एम-८ बोल्ट वजन येण्याआधीच अर्धा दमलेला असतो.

राळेने चिकटवलेल्या अँकरची ताकद भोकाच्या स्वच्छतेवर असते. भुकटी राहिली की राळ भुकटीला चिकटते, खडकाला नाही. गार गुहेत राळ वाळायला जास्त वेळ लागतो, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्यावर वजन टाकू नये.

आधीच्या लोकांनी लावलेले बोल्ट भरवशाचे धरू नयेत. हँगर हलतो का, नट सैल आहे का, गंज उतरतोय का, राळेचा अँकर हाताने फिरतोय का, हे पाहिल्याशिवाय त्यात दोर अडकवायचा नाही. अॅल्युमिनियमचा हँगर स्टीलच्या बोल्टवर ओल्या जागी कायमचा सोडला तर दोन धातूंमुळे अॅल्युमिनियम झिजत जातं, म्हणून कायमच्या कामाला बोल्ट आणि हँगर दोन्ही स्टेनलेस स्टीलचे.

काठावर पोहोचण्याआधी

पहिला अँकर काठापासून मागे, जिथे उभं राहिल्यावर पडायची भीतीच नाही अशा जागी घ्यावा. तिथून दोर दुसऱ्या अँकरला आणि मग काठाकडे न्यायचा. येणाऱ्या माणसाने काउटेल (हार्नेसला बांधलेली, टोकाला कॅराबिनरची कडी असलेली छोटी दोरी) अडकवलेली असतानाच काठ गाठावा. ही आडवी दोरी छातीच्या उंचीवर असावी, थोडी सैल. ताणून सरळ रेषेत बांधलेल्या दोरीवर माणूस लटकला की दोन्ही टोकांच्या अँकरवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते.

काउटेल डायनॅमिक, म्हणजे झटका बसल्यावर लांबणाऱ्या, दोराच्याच हव्यात. डायनीमा या कृत्रिम धाग्याची पट्टी जवळजवळ लांबतच नाही. तशी पट्टी अडकवून माणूस अँकरच्या वर चढला आणि घसरला, तर पडणं मीटरभराचं असलं तरी झटका पट्टी किंवा माणूस मोडण्याइतका होऊ शकतो.

मुख्य लटकण, म्हणजे जिथून दोर खाली सुटतो ती जागा, शक्य तितकी उंच घ्यावी. डोक्याच्या वर असली तर उत्तम. गुडघ्याच्या उंचीवर लावलेलं लटकण उतरताना सोपं वाटतं, पण चढून येणारा थकलेला माणूस काठावर पोटावर रांगतो आणि तिथेच अडकतो. दोन बोल्टांवर वाय-हँग घेतला तर दोराला काठापासून दूर, नेमक्या मोकळ्या जागी आणता येतं. त्यासाठी दोन कानांची फिगर ऑफ एट सोयीची. कान लहानमोठे करून गाठ डावी-उजवीकडे सरकवायची.

वाय-हँगमध्ये दोन्ही बाजूंमधला कोन बघायचा. ६० अंशांना प्रत्येक बोल्टवर वजनाच्या ५८ टक्के ओढ येते, ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना प्रत्येक बोल्ट पूर्ण वजन पेलतो, म्हणजे भार वाटून घेण्याचा फायदा संपला. १५० अंशांना तर प्रत्येकावर जवळजवळ दुप्पट. कोन ९० च्या आत ठेवावा आणि खडक त्याला तयार नसेल तर एका बाजूला स्लिंग (पट्टीचा फास) लावून बाजू लांब करावी. एक बोल्ट गेला तर गाठ दुसऱ्या बोल्टखाली झोकांडी खाईल. ती झोकांडी माणसाला कुठे नेते हेही बघून ठेवावं.

लटकण एकाच अँकरवर असेल तर मागचा अँकर त्याला आधार देतो. पण दोघांमधला दोर लांब आणि ढिला असेल तर तो आधार नावापुरताच.

रीबिले, डेव्हिएशन आणि पॅड

खाली जाताना दोर जिथे खडकाला टेकायला लागतो, तिथे किंवा त्याच्या किंचित वर नवा अँकर घ्यायचा. याला रीबिले म्हणतात. दोर तिथून पुन्हा नव्याने मोकळा लटकतो. आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक भागावर एक, असे अनेक जण एकाच वेळी चढू-उतरू शकतात.

रीबिलेची खरी कसोटी वरच्या सैल फासात असते. उतरणारा माणूस अँकरपाशी येतो, छोटी काउटेल अडकवून तिच्यावर बसतो आणि मग डिसेंडर वरच्या दोरातून काढून खालच्यावर चढवतो. फास अपुरा असेल तर डिसेंडर निघतच नाही. फासाचा तळ अँकरच्या खाली मीटरभराच्या आत ठेवावा. त्याहून मोठा फास कुणालाच अडवत नाही, पण अँकर सुटला तर तेवढंच पडणं वाढवतो. वरचा भाग लांब असेल तर आणखी एक गोष्ट: दोर लावणाऱ्याच्या वजनाने तो ताणलेला असताना फास पुरेसा वाटतो. नंतर हलका माणूस आला की दोर कमी ताणतो आणि फास अपुरा पडतो. गटातलं सगळ्यात हलकं माणूस डोळ्यांसमोर ठेवून थोडा जास्त दोर सोडावा.

दोर थोडासाच बाजूला ओढून काम भागत असेल तर डेव्हिएशन पुरतं: समोरच्या भिंतीला स्लिंग, स्लिंगला कॅराबिनर, कॅराबिनरमधून दोर. दोर २० अंशांनी वळवला तर स्लिंगवर वजनाच्या साधारण ३५ टक्के ओढ येते, म्हणून इथे दुय्यम दर्जाचा नैसर्गिक अँकरही चालू शकतो. पण वळण ६० अंशांचं झालं की पूर्ण वजन स्लिंगवर. तेव्हा रीबिलेच घ्यावा. डेव्हिएशन सुटल्यावर दोर धारदार कडेवर आपटणार असेल तरीही रीबिलेच. ओलांडताना कॅराबिनर डिसेंडरच्या खालून काढून वर अडकवायचा असतो, हे नवशिक्याला वरच सांगून ठेवावं.

दोराखाली पॅड ठेवणं हा शेवटचा उपाय. अमेरिकेत जाड, दणकट दोर काठावर पॅड टाकून सरळ खाली सोडण्याची जुनी पद्धत आहे. मेक्सिकोतल्या गोलोंद्रिनाससारख्या ३०० मीटरहून खोल, मोकळ्या विवरात ती शोभते. अरुंद, वेड्यावाकड्या गुहेत पॅड सरकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात: दोर धबधब्यातून खाली जात असेल तर आडवी दोरी वाढवून तो बाजूला न्यावा. पावसाने पाणी वाढलं तर त्या धारेत अडकलेला माणूस थंडीने किती लवकर गळून जातो हे आज कोरड्या दिसणाऱ्या टप्प्यावर ध्यानात येत नाही.

नवशिक्यांसाठी बिले

नवशिक्याचा उतरण्याचा दोर सोडवता येईल असा बांधावा. अँकरवर डिसेंडर लावून तो लॉक करायचा, किंवा इटालियन हिच (कॅराबिनरवर घर्षणाने दोर धरणारी गाठ) घालून ती म्यूल नॉट या सोडता येणाऱ्या गाठीने बांधायची. केस किंवा टीशर्ट डिसेंडरमध्ये अडकला, तर वरून गाठ सोडून माणसाला सरळ खाली सोडता येतं. त्यासाठी वरती टप्प्याच्या खोलीइतका दोर शिल्लक लागतो, म्हणजे एकूण दुप्पट. ही सोय नसेल आणि माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला, तर मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

वेगळा सुरक्षा-दोर (बिले) द्यायचा तर तो बिलेअरच्या, म्हणजे तो दोर सांभाळणाऱ्याच्या, अंगावरून नको, थेट अँकरवरून. मोठ्या, नासपतीच्या आकाराच्या लॉकिंग कॅराबिनरमध्ये इटालियन हिच, वजनाची बाजू कॅराबिनरच्या कण्याकडे, ब्रेकची बाजू गेटपासून दूर. बिलेअर स्वतः वेगळ्या अँकरला बांधलेला असावा आणि ब्रेकचा हात कधीही सुटू नये. सुरक्षा-दोर सतत आवळलेला ठेवावा, विशेषतः माणूस काठाजवळ असताना: तेव्हा दोर थोडाच बाहेर असतो आणि मीटरभर ढिलाईचा झटकासुद्धा कमी ताणाच्या दोरावर फार कडक बसतो. खालून वर लीड चढाई (वरून दोर नसताना सर्वांत पुढे चढणं) करायची असेल तर स्टॅटिक दोर वापरायचाच नाही, तिथे ईएन ८९२ चा डायनॅमिक दोर हवा.

पाण्याच्या आवाजात शब्द कळत नाहीत, म्हणून शिट्टी. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. चौथी, दोर मोकळा झाल्याची, बाहेरच ठरवून घ्यावी.

परतताना सर्वांत शेवटी चढणारा प्रत्येक डेव्हिएशन आणि रीबिले काढत दोर बॅगेत भरत येतो. तो अनुभवी हवा, कारण रीबिले काढताक्षणी खालचा भाग पुन्हा घासू लागतो आणि तेव्हा त्यावर कुणीच नसावं. वरून दोर ओढायचा असेल तर खाली बांधलेली टोकाची गाठ निघालेली हवी, नाहीतर ती फटीत अडकते. दोर नंतर ३० अंशांखालच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा, आणि वाळताना पूर्ण लांबी हातातून ओढत चाचपावी. कुठे आवरण चकाकतंय, आतली दोरी मऊ पडलीय किंवा पोकळ लागतेय, तर तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या तुकड्यांच्या टोकांवर नवी लांबी लिहावी.