बदली बंगळूरला, गाडी कोल्हापूर पासिंगची: विम्याचा अंदाज कसा काढायचा

मे २०२४ मध्ये बदलीचं पत्र हातात पडलं, कोल्हापूरहून बंगळूर. घर कुठे घ्यायचं, मुलीच्या शाळेचं काय, ही काळजी होतीच. त्यात विमा एजंटांचा फोन आला. "मॅडम, आता मोठं शहर. प्रीमियम दुप्पट धरूनच चाला." पॉलिसी जूनच्या मध्याला संपत होती. बँकेत रोज आकड्यांशीच काम, त्यामुळे असं मोघम "दुप्पट" मला पटेना. रात्री जेवणं आटोपल्यावर जुनी पॉलिसी आणि वही घेऊन बसले. त्या रात्री जो हिशेब मांडला, तोच इथे देते.

आधी पॉलिसीचे दोन भाग वेगळे करा. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा तो थर्ड पार्टी आणि आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा तो ओडी, म्हणजे ओन डॅमेज. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो देशभर एकच असतो. जून २०२२ पासूनचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. माझी गाडी ११९७ सीसी पेट्रोल, म्हणजे ३,४१६. कोल्हापुरात तेवढेच, बंगळुरातही तेवढेच.

शहराचा संबंध येतो तो ओडीत. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन आहेत. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरं झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. म्हणजे सांगली पासिंगची गाडी पुणे पासिंगची झाली तर झोन बदलतो, पण पुणे पासिंगची हैदराबादची झाली तर बदलत नाही. झोन ठरतो तो गाडीच्या पासिंगवरून, तुम्ही राहता कुठे यावरून नाही.

आता प्रत्यक्ष आकडे. माझ्या मॉडेलची शोरूम किंमत साडेसात लाख. गाडी जून २०२१ ची, म्हणजे तीन वर्षं पूर्ण होत होती. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, साडेचार लाख. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला टॅरिफचा दर झोन बीमध्ये ३.१९१ टक्के आणि झोन एमध्ये ३.२८३ टक्के. त्या हिशेबाने बीमध्ये १४,३६० रुपये होतात आणि एमध्ये १४,७७४. फरक ४१४ रुपयांचा.

एवढेही शेवटी भरावे लागत नाहीत. २००७ पासून कंपन्यांना ओडीचे दर ठरवायची मोकळीक आहे, त्यामुळे टॅरिफवर त्या घसघशीत सूट देतात. मला ६० टक्के सूट सांगितली होती. त्यावर तीन वर्षं क्लेम न घेतल्याचा नो क्लेम बोनस, ३५ टक्के. हे दोन्ही वजा केल्यावर झोन बीचे ३,७३४ उरले आणि झोन एचे ३,८४१. माझ्या गाडीपुरता झोनचा बोजा निघाला १०७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी.

मग एजंटांचं "दुप्पट" आलं कुठून? नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. माझी ती तीन वर्षं नेमकी याच जूनमध्ये संपत होती. मधल्या दोन वर्षी मी फक्त ओडी भरला होता. आता त्यात ३,४१६ ची भर पडली, म्हणून आकडा फुगला. मी कोल्हापुरात राहिले असते तरी तो फुगलाच असता. तुमची गाडी तीन वर्षांच्या आसपास असेल तर हे आधी तपासा.

सूट मात्र नीट पडताळा, कारण कंपन्या ती गावाप्रमाणे कमी-जास्त करू शकतात. कोटेशन दोनदा काढा, एकदा एमएच-०९ टाकून आणि एकदा नव्या शहराचा आरटीओ कोड टाकून. मी जयनगरचा केए-०५ टाकला होता. दोन्ही वेळा आयडीव्ही एकच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. कमी आयडीव्ही दाखवून स्वस्त केलेली पॉलिसी गाडी चोरीला गेल्यावर महागात पडते.

पैसे खरे वाढवावेत ते जोड कव्हरवर. आम्ही पंचगंगेच्या काठची माणसं. पूर येतो तो सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका, तोवर गाडी उंचावर नेऊन लावलेली असते. बंगळुरात तासाभराच्या पावसात अंडरपास भरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडवर गाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि मे २०२३ मध्ये के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये गाडीत पाणी शिरून एका तरुणीचा जीव गेला. इंजिनात पाणी शिरल्यावर चावी फिरवली आणि इंजिन बसलं, तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन लागतं. मी ते घेतलं, झिरो डेपही घेतलं, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर. दोन्हींचे मिळून साधारण तीन हजार. हे पैसे वाचवू नका, असं मी कळकळीने सांगेन. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी कधीही स्टार्ट करू नका.

पहिल्या वर्षी गर्दीत ओरखडे पडणारच. माझा बोनस एका वर्षात दोन हजारांहून जास्त वाचवतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. शिवाय दर क्लेमला पहिले हजार रुपये आपलेच. म्हणून अठराशे रुपयांचा बंपर मी खिशातून रंगवून घेतला.

आता पासिंग. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, चालू विमा, आणि नव्या राज्याचा रोड टॅक्स. विम्याच्या फरकापेक्षा हा टॅक्स कितीतरी मोठा, तो वहीत वेगळ्या पानावर मांडा. सरकारी बँकेत किंवा सरकारी नोकरीत असाल तर बीएच नंबरचाही, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणाऱ्या नंबरचाही, विचार करा. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तो छाप अर्जाला लागतो. एक आकडा पुसट आला म्हणून मला तो पुन्हा काढावा लागला.

नवा नंबर मिळाला की त्याच आठवड्यात कंपनीकडून पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्या. पत्ता आणि नंबर दोन्ही बदला, झोनचा फरक असेल तर तो तेव्हाच भरा. आरसीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा असेल तर ऐन क्लेमच्या वेळी अडवणूक होते. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर बोनस जातो, म्हणून सामानाच्या गडबडीत ती तारीख ट्रकच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा. माझ्या वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत: १२ जून ट्रक, १६ जून पॉलिसी.