रोस्ट बीफ आणि त्याचा अंगचा रस : या चुका टाळा

रोस्ट बीफ बिघडले की दोष मांसाला दिला जातो. प्रत्यक्षात चव आणि पोषणाचा हिशेब ही दोन्ही बहुधा भाजण्याच्या भांड्यात साठलेल्या रसापाशी चुकतात.

हा रस गाळून सरळ कापांवर ओतणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्यात पाणी, क्षार, थोडे जिलेटिन आणि मांसातून उतरलेली काही ब-जीवनसत्त्वे असतातच, पण वर वितळलेल्या चरबीचा तवंगही असतो, आणि त्यातली चमचाभर, म्हणजे 15 मिलिलिटर, चरबी सुमारे 115 कॅलरी वाढवते. कमी चरबीच्या 100 ग्रॅम शिजलेल्या मांसातून 25 ग्रॅमच्या पुढे प्रथिने साधारण 170 ते 200 कॅलरींत मिळतात, हे लक्षात घेतले तर दोन चमचे तवंग तो सारा हिशेब कसा उलटवतो ते कळते. म्हणून रस उभट, अरुंद भांड्यात काही मिनिटे स्थिर ठेवावा आणि वर आलेली चरबी काढून टाकावी; वेळ असल्यास तो थंड करावा, म्हणजे चरबी गोठून अलगद निघते. चरबीच्या धास्तीने सगळा रसच फेकून देणे मात्र शहाणपणाचे नाही. त्याचा लाल रंग रक्ताचा नसून मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, त्यामुळे त्याची किळस बाळगण्याचेही कारण नाही.

रस करपून कडू होत असेल, तर भांडे बहुधा मांसाच्या मानाने फार मोठे असते. लहान भांडे घ्यावे किंवा तळाशी थोडे पाणी घालावे. मीठ रस आटवून झाल्यावरच घालावे, कारण आटताना पाणी उडते, मीठ उडत नाही. तयार स्टॉकची वडी घातली असेल, तर वेगळे मीठ बहुधा लागतच नाही.

ताटातला रस पातळ आणि मांस कोरडे, ही तक्रार घाईने कापल्यामुळे येते. मोठा तुकडा ओव्हनमधून काढल्यावर 15 ते 20 मिनिटे तसाच ठेवावा. या काळात आतले तापमान आणखी काही अंशांनी चढते, हे धरूनच तो थोडा आधी बाहेर काढावा. अखंड तुकड्यासाठी मध्यभागी 63 अंश सेल्सिअस आणि त्यानंतर किमान तीन मिनिटांची विश्रांती हे सुरक्षिततेचे प्रमाण मानले जाते, आणि ते थर्मामीटरनेच तपासावे, रंगावरून नव्हे.

शेवटची चूक वजनाची. भाजताना मांसाचे वजन साधारण चतुर्थांशाने घटते, तेव्हा कच्च्या वजनाला शिजलेल्या मांसाचे आकडे लावले, तर प्रथिने कागदावरच वाढतात.