हाक एक, ओ दोन दारांतून: अनेक कार्डांच्या सर्व्हरवर ब्रिज आणि आर्पचा घोळ कसा सोडवावा

वळवाच्या विजा सुरू झाल्या की बेळगाव-खानापूर पट्ट्यात नेटवर्क कार्ड जळाल्याचे फोन येऊ लागतात. खानापुरातल्या एका लहान सोसायटीत असंच एक कार्ड बदललं गेलं. लिनक्सवर चालणारा सर्व्हर चालू झाला, पोर्टचे दिवे लुकलुकू लागले, पण काउंटरवरचे मामा फोनवर सांगत होते, “नेट येऊलालंय, जाऊलालंय बघा.” पासबुक भरायला आलेली माणसं बाकावर ताटकळली होती. सर्व्हर, राउटर, स्विच सगळं तीनदा बंद-चालू करून झालं होतं. दर वेळी थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

बंद-चालू करण्यातच खरी अडचण आहे. कुठला आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) कुठल्या मॅक पत्त्याशी (कार्डाचा स्वतःचा पत्ता) जोडला गेलाय, ही नोंद यंत्रांच्या स्मृतीत असते, आणि बंद केलं की नेमका तोच पुरावा पुसला जातो. म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा. (खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

आधी कागद घ्या

सर्व्हरला किती कार्डं, प्रत्येकाचा मॅक पत्ता काय, आयपी कुठला, केबल स्विचच्या कितव्या पोर्टात, हे लिहून काढा. मागून सगळी कार्डं सारखीच दिसतात. ‘इथटूल’ ही आज्ञा ‘वजा पी’ पर्याय आणि कार्डाचं नाव देऊन चालवली की बहुतेक कार्डांचा दिवा मिचकू लागतो आणि कुठलं कार्ड कुठलं ते कळतं. मग ‘आयपी लिंक’ आणि ‘आयपी ॲड्रेस’ यांचं उत्तर कागदाशी ताडून बघा. ‘नो कॅरिअर’ दिसलं तर केबल किंवा पोर्ट तपासा, पुढचं वाचायची गरज नाही.

ब्रिज (सर्व्हरच्या आतला, सॉफ्टवेअरचा स्विच) असेल तर इथेच एक नेहमीची चूक सापडते. आयपी ब्रिजवर हवा, ब्रिजमध्ये घातलेल्या कार्डावर नाही. दोन्हीकडे असेल तर कार्डावरचा काढा. पण हे काम सर्व्हरसमोर बसून करा. बेळगावात बसून जांबोटीच्या सर्व्हरचं कार्ड ब्रिजमध्ये घातलंत, तर तुमचीच जोडणी तुटते आणि पावसात गाडी काढावी लागते.

ओ कोण देतंय ते बघा

आर्प म्हणजे १९८२ पासून चालत आलेली हाक मारण्याची रीत. एक यंत्र सगळ्यांना विचारतं, “१९२.१६८.१.१० कुणाचा?” ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो. आता मुद्द्याची गोष्ट: लिनक्सच्या लेखी आयपी हा कार्डाचा नसतो, अख्ख्या यंत्राचा असतो. त्यामुळे दोन कार्डं एकाच स्विचवर असतील, तर पहिल्याच्या नावाने मारलेल्या हाकेला दुसरंही ओ देतं. सोसायटीत हेच झालं होतं. फायरवॉलचे नियम फक्त पहिल्या कार्डासाठी लिहिलेले होते. ज्या संगणकाला पहिल्या दारातून ओ मिळाली त्याचं काम चाललं, ज्याला दुसऱ्या दारातून मिळाली त्याचं अडलं.

हे पकडायचं तर त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या लिनक्स यंत्रावरून ‘आर्पिंग’ चालवा. एका हाकेला दोन वेगळ्या मॅक पत्त्यांची उत्तरं आली, तर ते पत्ते कागदावर शोधा. दोन्ही आपल्याच सर्व्हरचे असतील तर रोग सापडला. एखादा अनोळखी निघाला तर दुसऱ्याच कुणीतरी तोच आयपी घेतलाय. सीसीटीव्हीचा डबा आणि प्रिंटर आधी बघा.

सर्व्हरवर ‘आयपी नेबर’ ही आज्ञा शेजाऱ्यांची यादी दाखवते. ‘स्टेल’ पाहून घाबरू नका, ती फक्त जुनी झालेली नोंद आहे. ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ म्हणजे हाक गेली, ओ आली नाही.

दुरुस्ती

दोन कार्डं एकाच नेटवर्कवर वेगवेगळे आयपी देऊन ठेवायची गरज खरंच आहे का, हे आधी विचारा. बहुतेक लहान कार्यालयांत नसते. वेग किंवा राखीव जोडणी हवी असेल तर त्यांचा बाँड करा (दोन्ही कार्डं मिळून एकच कार्ड असल्यासारखी बांधा) आणि एकच आयपी द्या. माझं मत विचाराल तर हाच टिकाऊ उपाय.

ठेवायचीच असतील तर ‘सिसकंट्रोल’मध्ये (sysctl, लिनक्सच्या आतल्या किमती बदलायची आज्ञा) ‘आर्प इग्नोर’ (arp_ignore) १ आणि ‘आर्प अनाउन्स’ (arp_announce) २ करा. पहिल्याने कार्ड फक्त स्वतःवरच्या आयपीसाठी ओ देतं, दुसऱ्याने हाक मारताना योग्य तोच आयपी सांगतं. एवढ्याने येणारी वाट सुधारते. जाणारी पाकिटं (माहितीचे तुकडे) तरीही रूटिंग तक्त्याप्रमाणे (कुठल्या वाटेने जायचं त्या यादीप्रमाणे) एकाच कार्डातून जातील; त्यासाठी ‘आयपी रूल’ने प्रत्येक आयपीला वेगळा तक्ता द्यावा लागतो.

‘टीसीपीडंप’मध्ये (ये-जा करणारी पाकिटं दाखवणारी आज्ञा) हाक आलेली दिसते, पण सर्व्हर गप्प राहतो, तेव्हा सिसकंट्रोलमधला ‘आरपी फिल्टर’ (rp_filter) बघा. तो १ असेल, तर ज्या वाटेने उत्तर जाणार नाही त्या वाटेने आलेली हाक कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकून देतो. २ केला की सैल पडतो. इथे बरेच जण फसतात: ‘ऑल’ आणि त्या कार्डाची स्वतःची, या दोन किमतींपैकी मोठी लागू होते. ‘ऑल’ला १ असताना कार्डाला ० देऊन काहीच होत नाही.

ब्रिजची खास दुखणी

पोर्ट जोडल्यावर अर्धा मिनिट काहीच चालत नाही आणि मग आपोआप चालतं? एसटीपी (केबलींचा फेरा होऊ न देणारी व्यवस्था) चालू आहे. ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद तो घेतो. घाईने एसटीपी बंद करू नका, कारण एकाच ब्रिजच्या दोन केबली एकाच स्विचला गेल्या असतील, तर फेरा तयार होऊन सगळं नेटवर्क बसेल.

कार्ड बदलल्यावर ब्रिजचा मॅक पत्ताही बदलू शकतो. तो ठरवून दिलेला नसेल तर कर्नल जोडलेल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान पत्ता उचलतो. राउटरवर आयपी-मॅकची गाठ बांधलेली असेल, तर नवं कार्ड बसताच सर्व्हर परका ठरतो. ब्रिजला पत्ता स्वतःच नेमून द्या.

तिसरं दुखणं चकवणारं आहे. आभासी यंत्राचा (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकाचा) मॅक पत्ता शेजाऱ्यांच्या यादीत व्यवस्थित येतो, पण पिंग होत नाही. त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलाय का बघा. डॉकर फायरवॉलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीचं (नियमांच्या यादीचं) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून द्या, असं करतो, आणि ‘बीआर नेटफिल्टर’ हा कर्नलचा भाग चालू असल्याने ब्रिजवरची आयपी पाकिटंही त्या साखळीतून जातात. आर्प त्या चाळणीतून जात नाही, म्हणून ओळख पटते पण बोलणं होत नाही. ‘डॉकर युजर’ (DOCKER-USER, हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) साखळीत ब्रिजवरून त्याच ब्रिजवर जाणाऱ्या पाकिटांना परवानगी द्या.

बदल झाले की आजूबाजूच्या यंत्रांतल्या जुन्या नोंदी ‘आर्पिंग वजा मोठा यू’ने ताज्या करा. सिसकंट्रोलच्या किमती ‘ईटीसी’खालच्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइलीत लिहा, नाहीतर वीज गेली की त्याही जातील. आणि प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा, मराठीत आणि कन्नडमध्येही. पुढच्या वेळी येणारा मुलगा गोकाकचा असू शकतो.