रीफ टँकमधल्या या चुका टाळा: आधी पाणी, मग मासे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत काहीतरी मरतंय म्हणून ज्यांचे फोन येतात, त्यांना मी आधी एकच गोष्ट विचारते: पाणी कुठून आणलं? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. दिवा महागातला, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर बाहेरून मागवलेला, दगडांची मांडणी बघत राहावी अशी, आणि पाणी मात्र हाताशी आलं ते. रीफ टँकमध्ये, म्हणजे पोवळ्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आपण खरं तर पाणी सांभाळत असतो. ते नीट असलं तर मासे आणि पोवळी आपापली जगतात. त्याच त्या चुका पुन्हापुन्हा बघून आता लिहायलाच बसले आहे.

स्वयंपाकघरातलं आरओ

ठाण्यातल्या एका ओळखीच्या मुलाकडे क्लाउनफिशची जोडी मजेत होती. पण क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी) आणला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेला सापडायचा. गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उताण्या पडायच्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा ३५ (हजार भागांत ३५). त्याने दुकान बदललं, मग आणखी एक बदललं. श्रिंप सोडण्याआधी थेंबथेंब पाणी मिसळत तासन्‌तास बसायचा. पोरगा मनापासून करणारा होता, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. शेवटी मी त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, मीठ कालवतोस ते पाणी दाखव. त्याने ओट्यावरच्या प्युरिफायरकडे बोट केलं. नवा होता, आणि पाण्यात तांबं सोडणारा होता. त्याची आई कौतुकाने म्हणाली, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी, आणि भांडं घासायला नको."

माणसाला त्या पाण्याने काही होत नाही. माशांचंही एवढ्याने बिघडत नाही. त्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तर तांब्याचंच औषध देतात. पण श्रिंप, खेकडे, गोगलगायी आणि पोवळ्यांना तांब्याचा अंशही पुरतो. श्रिंपच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरीही पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं त्याला मारतं. शिवाय टाकीतून पाणी उडून जातं, तांबं जात नाही. तो रोज त्याच पाण्याने टाकी भरून काढत होता आणि तांबं साठत चाललं होतं. त्याच्या किटच्या पेटीत तांब्याची चाचणी नव्हती. माझ्याकडची केली तर रंग लगेच चढला.

वाळू सगळी काढून टाकावी लागली, कारण वाळू आणि दगड तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. मग मोठे पाणीबदल, तांबं शोषणारं रेझिन, पुन्हा चाचणी. आधी एकच गोगलगाय सोडली. ती टिकली, काच चाटत फिरू लागली, तेव्हा कुठे त्याला श्रिंप आणायला सांगितलं.

तांबं सोडणारा नसला तरी घरचा प्युरिफायर या कामाचा नाहीच. चवीसाठी तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो किंवा खनिजं घालतो. टाकीला हवं असतं शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीही न विरघळलेलं पाणी; त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेला वेगळा संच लागतो. वीस-पंचवीसच्या टीडीएसने काय होतंय, असं मला नेहमी विचारतात. ते पंचवीस कशाचे आहेत हे मीटर सांगत नाही, एवढंच माझं उत्तर असतं. एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीत टँकर यायला लागले की रेझिन बघताबघता संपतं. पाणी भरताना मी दर वेळी मीटर बुडवते. दर वेळी, गेल्या आठवड्यात शून्य होतं तरीही.

पाणी उडतं, मीठ उडत नाही

ही चूक एका ओळीत संपायला हवी, पण संपत नाही. पातळी खाली गेली की टाकीत गोडं पाणी घालायचं, खारं नाही. १०० लिटरच्या टाकीवर पंखा लावला आणि रोज दोन लिटर पाणी उडालं, असं धरा. ते रोज मिठाच्या पाण्याने भरलं तर आठवड्यात खारेपणा ३५ वरून जवळजवळ ४० वर जातो. काहीच भरलं नाही तर ४० च्याही वर. आणि मग घाबरून एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं की उरलेलं नुकसान त्या उलट्या धक्क्याने होतं. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अप परवडत नसेल तर सम्पवर (मुख्य टाकीखालच्या फिल्टर-पंपाच्या टाकीवर) मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत भरा.

खारेपणा मोजायला काट्याचं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर घेऊ नका; काट्याला बुडबुडा चिकटला की ते खोटं बोलतं. पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळलं म्हणजे वरचा आकडा बरोबर येतोच असं नाही.

समुद्र जवळ आहे म्हणून वर्सोव्याहून किंवा जुहूहून कॅन भरून आणणारेही आहेत. किनाऱ्याच्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. आणू नका.

गणपतीआधी टाकी लागलीच पाहिजे

घाईवर मला जास्त लिहावं लागणार आहे, कारण बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातूनच येतात.

एका गृहस्थांना गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना टाकी दाखवायची होती. श्रावणात काच आली, दगड लागले, मीठ पडलं, बाटलीतले बॅक्टेरिया ओतले आणि पंधरवड्याच्या आत एकाच फेरीत आठ मासे घरी आले. एक टँगही होता, म्हणजे मोकळी जागा लागणारा मोठा मासा, तीन फुटी टाकीत. मी फोनवर थांबा म्हटलं होतं. दुकानात सगळे खात होते, असं ते म्हणाले. प्रतिष्ठापनेच्या दिवशी टाकी खरंच सुंदर दिसत होती. गौरी गेल्या त्या दिवशी टँगच्या अंगावर मिठाचे कण टोचल्यासारखे पांढरे ठिपके होते, आणि मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकत होते. अनंत चतुर्दशीपर्यंत दोन उरले. पुढे कुणी ओळखीचं टाकी लावतंय म्हटलं की ते स्वतः फोन करून थांबायला सांगतात.

तिथे दोन गोष्टी एकत्र घडल्या. पहिली म्हणजे टाकी तयार नव्हती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले बॅक्टेरिया हा काळ कमी करू शकतात, पण त्यांनाही खायला अमोनिया लागतो. नुसती बाटली ओतून पंधरा दिवस रिकामी टाकी चालवण्याला काही अर्थ नाही. मी अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर नेते. तो २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरला नाही, तर टाकी तयार. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसणं ही खूण नव्हे. आणि हे काम डॅमसेल माशांकडून करून घेण्याची जुनी पद्धत सोडून द्या. अमोनियाने त्याचे कल्ले भाजतात, आणि जगला तर तो नंतरच्या प्रत्येक माशाला पिटाळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्वारंटाइन. ते पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे. तो एका माशाबरोबर येतो, आणि त्याचं एक रूप दगड-वाळूला चिकटून आठवडेच्या आठवडे राहतं. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, कारण वर सांगितलं तेच. म्हणजे सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करायचे आणि मुख्य टाकी माशांविना रिकामी ठेवायची. हौशी मंडळींत त्यासाठी ७६ दिवसांचा दंडक आहे. हे टाळायला एक साधी काचेची पेटी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि हीटर एवढं पुरतं. नवा मासा आधी महिनाभर तिथे राहील. जागा नाही म्हणणाऱ्यांच्या घरी मी पलंगाखाली ती पेटी ठेवून दाखवली आहे. लसूण लावलेल्या खाण्याने हा रोग बरा होत नाही. मासा लसणीच्या वासाने चार घास जास्त खाईल, इतकंच.

टाकी तयार झाल्यावर पहिले काही महिने दगडांवर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ, कधी लालसर साय. त्यावर बाटल्या ओतत बसू नका. खाणं कमी करा, गोगलगायी सोडा, पाणी बदला, वाट बघा. नायट्रेट आणि फॉस्फेट खेचून शून्यावर नेलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव माजतात, आणि ते शेवाळापेक्षा फार चिवट असतात.

थोडक्यात सांगण्यासारखं

मँडरिन मासा नवीन टाकीत आणू नका; तो कोपेपॉड नावाचे बारीक जीव खातो, आणि ते नसले तर तुमच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. ब्लू टँगला सहा फुटी टाकी लागते, तो मोठा झाल्यावर परत देऊ असं मनात धरून घेऊ नका. क्लाउनफिशला ॲनिमोन लागतोच असं नाही. ॲनिमोन फिरता फिरता वेव्हमेकरमध्ये (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपात) चिरडला तर अख्खी टाकी घेऊन जाईल. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम यांच्या बाटल्या चाचणी न करता घालू नका. हीटर पाणी काढताना बंद करा.

उन्हाळा आणि वीज

बंद खोली ३३ अंशांवर गेली की पंप आणि दिव्यांच्या उष्णतेने टाकी आणखी वर चढते. पोवळ्यांना २५-२६ बरं. ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर ती आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, तर गार काय होणार? तिथे चिलर किंवा एसी. आणि चिलर बंद कपाटात कोंबू नका, तो स्वतःची गरम हवा परत ओढत राहतो.

वीज जाते तेव्हा पंप थांबतात आणि पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते हे माहीत असूनही बॅटरीवरचा एअर पंप न घेणारे लोक आहेत. तो घ्या, आणि एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. टाकी लावली त्याच दिवशी मुख्य बटण बंद करून बघा: वरचं पाणी सम्पमध्ये उतरून जमिनीवर सांडतं का? मासे आणण्याआधी हे कळलेलं बरं.

पोवळी कुठून आणता?

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगला गेलेले लोक पोवळ्याचा तुटका तुकडा पिशवीतून आणतात आणि टाकीत ठेवू का विचारतात. आपल्याकडची सगळी दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्रपंखे आणि समुद्री घोडेही. वाळलेला तुकडाही चालत नाही. विक्रेता कागद दाखवत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. सुरुवात मश्रूम आणि लेदरसारख्या मऊ पोवळ्यांनी करा. ती चुका सहन करतात आणि वाढतातही छान.

झोॲन्थिड, म्हणजे दगडावर गुच्छाने वाढणारे बटणांसारखे पोवळ्यांचे नातेवाईक, तेही नवशिक्यांना आवडतात, रंगांमुळे. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. नको असलेलं झोॲन्थिड किंवा कुठलंही शेवाळ मारायला दगड उकळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली ब्रशने घासू नका. वाफेबरोबर ते विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, हातावर जखम असेल तर त्या दिवशी हात लावू नका. नंतर छातीत घट्टपणा, ताप, तोंडात धातूची चव किंवा डोळ्यांची आग जाणवली तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव सांगा. मी ते नाव कागदावर लिहून टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.